तीन नंबरची फुंकर

४ जुलै

प्रिय आत्या,

फोन सोडून पत्र लिहितेय म्हणून हसू नकोस. फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि संध्याकाळी बाहेरच्या खोलीत बाबा आडवे झालेले असतात. त्यांच्यासमोर मला हे बोलायचं नाही.

यंदा मी विज्ञान मेळाव्यात प्रकल्प देणार आहे. नववीपासून भाग घेता येतो, म्हणजे मी बसते. विषयही ठरलाय. वेगवेगळी कामं करणाऱ्या माणसांच्या छातीत किती हवा मावते, ते मोजायचं. यंत्र मीच केलंय. पाण्याचा मोठा पारदर्शक कॅन भरून टबात उपडा धरायचा, कॅनच्या तोंडातून रबरी नळी आत सोडायची आणि एका दमात फुंकायचं. हवा वर जमते, पाणी खाली सरकतं. कॅनवर वरून खाली रेघा मारल्यात. जितकी खालची रेघ, तितका मोठा दम. सुट्टीपासून मी घरच्यांवर आणि शेजाऱ्यांवर प्रयोग करतेय. बरीच पानं भरलीत.

खरं सांगू? मला एकच बघायचंय. धुळीत काम करून माणसाचा दम कमी होतो का. बाबांचा खोकला अजून तसाच आहे. डॉक्टरांकडे चला म्हटलं की म्हणतात, मला काय धाड भरलीय. पण प्रकल्पासाठी फुंका म्हटलं की लगेच फुंकतात. आई म्हणते, बापलेकीचे चाळे बघा. संध्याकाळी ते भुतासारखे पांढरे होऊन येतात आणि नळी तोंडाला लावतात, तेव्हा खरंच हसू येतं.

तू मेळाव्याच्या समितीवर आहेस. काय काय लागतं ते सगळं लिही.

तुझी,
भिंगरी

*

११ जुलै

भिंगरे,

आधी शाबासकी, मग कानउघाडणी. यंत्र झकास आहे. आमच्या कॉलेजातली पोरं बाजारातून आणलेली वस्तू टेबलावर मांडतात आणि टेचात उभी राहतात.

आता ऐक. माणसांवर काहीही करायचं असेल, नुसती फुंकर मारायला लावायची असली तरी, आधी समितीची लेखी मंजुरी लागते. आधी मंजुरी, मग पहिली नोंद. तू घोडं गाडीच्या मागे बांधलंस. सुट्टीपासूनच्या सगळ्या नोंदी बाद. मला दाखवूही नकोस. एकदा आकडे बघितले की मन त्यांच्याशीच तुलना करत बसतं. फाडून टाक आणि कोरी सुरुवात कर.

दुसरं. फुंकणाऱ्या प्रत्येकाची लेखी संमती हवी. ते कागद तुझ्या विज्ञानाच्या बाईंकडे पाकिटात बंद राहतील. तुझ्या लिखाणात माणसाला फक्त नंबर. नाव नको, नातं नको, धंदाही नको. आळीत दोनच न्हावी असतील तर ‘न्हावी’ लिहिलं की झाली ना ओळख? कामाची वर्गवारी शेवटी बाई करतील. मलाही कोण कोणता नंबर ते कळवायचं नाही. आणि कुणाला मधेच सोडून जायचं असेल तर त्याला अडवायचं नाही, कारण विचारायचं नाही.

तिसरं. तुझा अर्ज समितीपुढे येईल तेव्हा मी खोलीबाहेर जाईन. नात्यातल्या मुलीच्या प्रकल्पावर मला मत देता येत नाही. पत्रातून सल्ला देता येतो, तोही सल्लाच. हात लावायचा नाही.

तुझ्या बापाच्या घशाचं मनावर घेऊ नकोस. लहानपणापासून त्याचा घसा नाजूक, शाळा बुडवायला तोच कामी यायचा. गरम पाण्याच्या गुळण्या करायला लाव. त्यांच्या कारखान्यात फरशा पाण्याखाली कापतात असं त्याने मला सांगितलंय, तेव्हा धुळीची भीती नाही.

आत्या

*

२० ऑगस्ट

प्रिय आत्या,

मंजुरी आली, महिन्याच्या सुरुवातीलाच! बाईंनी वर्गात सगळ्यांसमोर वाचून दाखवली. मी नुसती फुगले होते.

जुन्या नोंदी फाडल्या. संमत्या घेतल्या. चार जणांपासून सुरुवात केलीय. एक नंबर सातव्या रेघेपर्यंत पाणी ढकलतो. दोन नंबरची सहावी रेघ. चार नंबरची पाचवी, पण चार नंबर किडमिडीत आहे, त्यामुळे ते ठीक. तीन नंबर मात्र तिसऱ्या रेघेशीच अडकतो. दर रविवारी मोजते, दर रविवारी तिसरी.

आत्या, तीन नंबर अंगापिंडाने सगळ्यांत दांडगा आहे. मग असं का? नळी बदलून बघितली. कॅनला कुठे भोक नाही. बाकीच्यांचे आकडे जागच्या जागी आहेत. तीन नंबरचं मला पूर्वीचं आठवतं, पण आठवायचं नाही असं तू म्हणालीस, म्हणून आठवत नाही.

लवकर लिही. रोज शाळेतून आल्यावर आधी पत्रपेटी बघते.

भिंगरी

*

२८ ऑगस्ट

भिंगरे,

एवढी घाबरतेस काय? उत्तर सोपं आहे. तुझा तीन नंबर टवाळ आहे. दांडगा माणूस तिसऱ्या रेघेवर अडकतो म्हणजे तो जोरच लावत नाही. पोरीचा खेळ म्हणून ओठांनी नुसतं फुर्र करत असणार. दर वर्षी असा एक तरी निघतो. मन लावून भाग न घेणाऱ्याला नियमाने वगळता येतं, मात्र कारण लिहावं लागतं. एकदा त्याला समोर बसवून नीट समजाव, पुन्हा पुन्हा फुंकायला लाव. तरी सुधारला नाही तर सरळ काढून टाक. त्याच्यापायी तुझ्या चांगल्या आकड्यांचा विचका नको.

आत्या

*

१४ सप्टेंबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून इतकं हलकं वाटलं की काय सांगू! त्या दिवशी मी दुप्पट जेवले. मला भलतंच काहीतरी वाटत होतं. तू म्हणतेस म्हणजे टवाळकीच.

मग मी तीन नंबरला चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, तुम्ही माझा प्रकल्प बुडवणार आहात. नीट फुंका, पोटातून फुंका, नाहीतर मी तुम्हाला काढून टाकीन. ते म्हणाले, बरं बाईसाहेब. मग मी त्यांना थांबूच दिलं नाही. परत, परत, अजून एकदा. एकदा पाणी चौथ्या रेघेला टेकल्यासारखं वाटलं. पण मी तिसरीच लिहिली. वाटलेलं लिहायचं नसतं ना?

शेवटी ते न्हाणीघराच्या भिंतीला टेकून खाली बसले. चेहरा पार उतरला होता, पण हसत होते. म्हणाले, आज एवढ्यावर भागवा. तोंड पुसलेला रुमाल मी धुवायला मागितला तर दिला नाही. स्वतःच धुतला, दार लावून.

त्यांना मी काढणार नाही. तू रागावलीस तरी नाही. पाच नंबर म्हणून आणखी एक जण आलाय. तो चौथ्या रेघेवर आहे. तोही टवाळ असेल का?

भिंगरी

*

२० सप्टेंबर

ठोंब्या,

तुला पत्र लिहायची वेळ तुझ्या पोरीने आणली, नाहीतर दोघं भाऊबहीण वर्षाला एका फोनवर भागवतो. मेळाव्याच्या प्रवेशअर्जासोबतच्या पालकांच्या परवानगीवर तू सही केलीस पण तारीख घातली नाहीस. समिती असले कागद परत पाठवते. शाळेत जाऊन तारीख घालून ये.

पोरगी हुशार आहे. कुणाच्या वळणावर गेली ते सांगायला नको. तिचे आकडे नेटके आहेत, फक्त तुमच्या आळीतला कुणीतरी तीन नंबरचा दांडगोबा तिला छळतोय. कोण ते मी विचारणार नाही, नियमात बसत नाही. पण तुला माहीत असेल तर जरा दम दे त्याला. लहानपणी तू फुगे फुंकून फुंकून फोडायचास आणि मार मला बसायचा. दाखव त्याला कसं फुंकतात ते.

खोकल्याचं काय? अजून पाण्याखालीच कापता ना? वहिनीला विचारलंय म्हणून सांग.

ताई

*

२९ सप्टेंबर

ताई,

शाळेत जाऊन तारीख घालून आलो. जिना चढताना दोनदा बसलो. शिपाई म्हणाला, काका, पाणी देऊ का. मला काका म्हणाला, ताई. माझ्याच वयाचा असेल.

तो दांडगोबा मीच.

पोरीवर चिडू नकोस. तुझ्या नियमामुळे तिला सांगता आलं नाही, आणि आत्याला यातलं अक्षर कळवायचं नाही असं मीही तिला बजावलं होतं. आणि टवाळकी मी करत नाही गं. जोर लावतो. फुग्यांना लावायचो तेवढाच लावतो. पण आत जातच नाही तर बाहेर काय येणार?

पाण्याचं मी तुला खोटं सांगितलं होतं. पाण्याची नळी आहे, भिंतीला गुंडाळून ठेवलेली आहे. पाणी सोडलं की फरशीवर आखलेली खूण दिसत नाही, पायाखाली चिखल होतो, काम रेंगाळतं. मालक म्हणतो, पाहिजे तर सोडा, पण माल वेळेवर द्या. मग कोण सोडतं? ही नवी फरशी येते ना, दगडाची भुकटी थापून केलेली, स्वयंपाकघरात छान चकचकीत दिसते. ती कापली की धूर उठतो नुसता. समोरच्या माणसाचं तोंड दिसत नाही. आमच्यातला एक गेल्या वर्षी गेला. क्षय झाला म्हणाले. मी हो म्हटलं, त्याच्या बायकोनेही हो म्हटलं.

तुला कळवलं असतं तर तू हातातलं काम टाकून धावत आली असतीस, आणि मला डॉक्टरच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. भित्रा तर मी पहिल्यापासूनच आहे.

एक काम कर. मला कळलंय हे पोरीला सांगू नकोस. तिला वाटतं, मी तिच्या प्रकल्पासाठी फुंकतो. ती मला कशासाठी फुंकायला लावते ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. दर रविवारी ती रेघेकडे बघते आणि मी तिच्या तोंडाकडे बघतो. तेव्हा वाटतं, आज तरी एक रेघ खाली जावं.

तुझा,
ठोंब्या

*

४ ऑक्टोबर

ठोंब्या,

पत्र आत्ता हातात पडलं. सकाळच्या गाडीने निघतेय, त्यामुळे हे पत्र माझ्या मागूनच पोचेल. तरी लिहितेय, कारण तुझ्या तोंडावर मला हे बोलता येणार नाही.

मी तुला काढून टाक म्हणाले. तुला पुन्हा पुन्हा फुंकायला लाव म्हणाले. माझ्या हाताने लिहिलं ते.

फोनवर सांगितलं तेच परत, कामावर पाऊल टाकायचं नाही. आणि आता फुंकू नकोस, राजा. पोरीने सांगितलं तरी नाही.

ताई

*

२२ डिसेंबर

प्रिय आत्या,

तू गेल्यावर आईने बाहेरची खोली आवरली. ऑक्सिजनची टाकी परत नेली त्यांनी. जिथे ती ठेवली होती तिथे फरशीवर गोल डाग राहिलाय. आई रोज घासते, जात नाही. बाबांचे कामाचे कपडे धुतले तर बादलीच्या तळाशी अजून पांढरा गाळ बसतो. आई तो गाळ बघत बसते. मला तिथून उठवते आणि स्वतः बसते.

बाईंनी विचारलं, मेळाव्यात जाणार ना? मी म्हटलं, आत्याला विचारून सांगते.

मला नियम सांग. तीन नंबरच्या नोंदी ठेवता येतात का? सोडून जाणाऱ्याला अडवायचं नाही, कारण विचारायचं नाही असं तू लिहिलं होतंस. बाबा सोडून गेले असं धरायचं का? पुढच्या रविवारांच्या रकान्यात काय लिहायचं? आणि फलकावर बाबांचं नाव लिहिता येईल का? छोट्या अक्षरात, एका कोपऱ्यात?

आत्या, मी बाबांना ओरडले होते. काढून टाकीन म्हणाले होते. दवाखान्यात मला सॉरी म्हणायचं होतं, पण त्यांच्या तोंडावर तो मास्क होता आणि आई सारखी म्हणत होती, त्यांना बोलायला लावू नकोस. मग राहून गेलं. हे मी आईला सांगितलेलं नाही. तुलाच सांगतेय.

भिंगरी

*

१२ जानेवारी

भिंगरे,

उत्तराला उशीर झाला. चार वेळा लिहायला बसले.

आधी नियम, कारण तू ते विचारलेस. मंजुरीनंतर आणि संमतीने घेतलेली नोंद चालते. माणूस राहिला नाही म्हणून ती खोटी होत नाही. पुढच्या रकान्यांत ‘सहभागी उपलब्ध नाही’ एवढंच लिहायचं. नाव कुठेही लिहिता येणार नाही, कोपऱ्यातही नाही. त्याने नंबर म्हणून संमती दिली होती, आता ती बदलायला तो नाही. मेळाव्यात मी असेन, पण परीक्षण चालू असताना तुझ्या टेबलापाशी मला उभं राहता येणार नाही. लांबून बघेन.

आता जे नियमात नाही ते. मंजुरीआधीच्या नोंदी अहवालात घेऊ नयेत, एवढंच नियम म्हणतो. मला दाखवू नकोस, फाडून टाक, हे नियमात नव्हतं. ते मी माझ्या पदरचं घातलं होतं. सुट्टीत तो कोणत्या रेघेपर्यंत जायचा हे मी बघितलं असतं तर मला उतार दिसला असता. पहिल्याच पत्रात तू लिहिलं होतंस, बाबा भुतासारखे पांढरे होऊन येतात म्हणून. पाण्याखाली कापणारा माणूस चिखलाने माखून येईल, पांढरा कसा होईल? शिकलेली बाई मी, आणि ते वाचून हसले.

डॉक्टर मला म्हणाले होते की जुलैत कळलं असतं तरी फार काही हातात नव्हतं. पण काम तरी थांबलं असतं. ते ‘तरी’ माझ्या वाट्याचं आहे. तू ओरडलीस ती माझ्या शब्दावर ओरडलीस. त्यातलं काही तू उचलायचं नाही. आणि तू त्याला का फुंकायला लावतेस ते त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुला हे सांगायचं नाही असं त्याने मला लिहिलं होतं. मी त्याचा शब्द मोडतेय. त्याने मारलेली प्रत्येक फुंकर तुझ्यासाठी होती, पोरी. दवाखान्यात तुला माफी मागायची गरज नव्हती.

जायचं की नाही ते तू ठरव.

आत्या

*

२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तू खांबाशी उभी होतीस ते मला दिसलं. तू चष्मा पुसत होतीस तेव्हाच परीक्षक माझ्याकडे आले, म्हणून हात करता आला नाही. नंतर गर्दीत तू सापडली नाहीस. म्हणून सगळं लिहितेय.

टेबलावर पाणी ठेवायला बंदी होती, त्यामुळे कॅन कोरडाच ठेवला. रिकामा कॅन आणि त्यावर रेघा. बाजूच्या मुलाचा लुकलुकणारा पूल होता, सगळी गर्दी त्याच्याकडे. माझ्याकडे परीक्षक आले ते दोघंच. एक बाई आणि एक सर. बाईंनी यंत्र समजून घेतलं. सर आलेखाकडे बघत राहिले. एक, दोन आणि चारच्या रेषा सरळ होत्या. तीन नंबरची सगळ्यांत खाली आणि मधेच तुटलेली. बाजूला ‘सहभागी उपलब्ध नाही’.

सरांनी विचारलं, “हा तीन नंबर नीट फुंकत नव्हता का?”

मी सांगितलं, “नाही सर. तो पूर्ण जोर लावत होता.”

“हे तू कशावरून म्हणतेस?”

माझ्याजवळ उत्तर होतं, पण ते नियमात बसत नव्हतं. मी म्हटलं, “मी प्रत्येक वेळी समोर होते.” त्यांनी काहीतरी लिहिलं आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले. बक्षीस मिळालं नाही. पुलाला मिळालं.

पण मला तुला दुसरंच सांगायचंय. मी आवरायला घेतलं होतं, तेवढ्यात बाबांच्या कारखान्यातले एक काका आले. अर्ध्या दिवसाची रजा टाकून, धुतलेला शर्ट घालून. केसांच्या मुळांशी मात्र पांढरं तसंच होतं. कुणी ऐकत नाही ना असं बघून त्यांनी हळूच विचारलं, “यात माझा नंबर कोणता?”

सहभागीला स्वतःची नोंद बघायचा हक्क आहे. नियमांच्या पुस्तकात मी ते वाचलं होतं. म्हणून सांगितलं, “पाच.”

त्यांनी पाच नंबरच्या रेषेवर बोट ठेवलं. सुरुवातीला ती चौथ्या रेघेवर होती. बोट खाली खाली घसरत तिसऱ्या रेघेपाशी आलं आणि रेषा संपली तिथे थांबलं. मग त्यांनी शेजारची तीन नंबरची तुटलेली रेषा बघितली. ती कुणाची, हे त्यांना मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही. सभागृहात खुर्च्या उचलायला लागले होते.

मग ते हसायचा प्रयत्न करत म्हणाले, “मी जरा आळसच करत असेन, काय? पुढच्या रविवारी चांगला जोर लावतो.”

आत्या, मला तेव्हा हो म्हणता आलं असतं. ते खूश होऊन घरी गेले असते.

मी म्हटलं, “नाही काका. तुम्ही जोर लावताय.”

तुझी,
भिंगरी